स्वमग्न बालके : वेळेवर पारख, वेळेवर आधार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांचा टप्पा हा संस्थेसाठी उत्सवाचा प्रसंग असतो, तसाच तो जमाखर्च पाहण्याचाही प्रसंग असतो. जैन परंपरेने आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी दानाची चार अंगे सांगितली आहेत. साधर्मिक वात्सल्याच्या पंगती, आरोग्य शिबिरे, विद्यार्थ्यांना साहाय्य आणि जीवदया या रूपांनी गावोगावचे जैन न्यास ही चारही अंगे यथाशक्ती सांभाळत आले आहेत. तथापि समाजात काही बालके अशी आहेत की, त्यांच्यापर्यंत यांपैकी एकही दान पुरतेपणी पोहोचत नाही. ती पाठशाळेत दिसत नाहीत. पर्युषणात जिनालयात येत नाहीत. घरी पाहुणे आले की त्यांना आतल्या खोलीत नेले जाते. त्यांच्या नावाची चौकशी झाली तर आई विषय बदलते. ही स्वमग्न बालके होत. त्यांची पारख लवकर का व्हावी, त्यांचे शिक्षण कसे व्हावे आणि जामसंड्यासारख्या मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावात ते कसे साधावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

स्वमग्नता म्हणजे काय?

१९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला आणि ‘ऑटिझम’ ही संज्ञा बालकांच्या एका विशिष्ट अवस्थेसाठी रूढ झाली. पुढच्याच वर्षी व्हिएन्ना येथील डॉ. हान्स ॲस्पर्गर यांनी तशाच प्रकारच्या मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. मराठीत या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. शब्द सोयीचा आहे, परंतु त्यामुळे थोडा गैरसमजही होतो. हे मूल स्वतःतच दंग आहे, त्याला कोणाची पर्वा नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. वस्तुतः त्या मुलाला माणसे नकोशी झालेली नसतात. माणसांचे बोलणे, चेहऱ्यावरील भाव, नजरेचे इशारे यांतून अर्थ लावण्याची त्याच्या मेंदूची रीत निराळी असते.

ही मेंदूच्या विकासातील भिन्नता आहे. ती संसर्गाने पसरत नाही आणि औषधाच्या गोळीने जात नाही. तिची लक्षणे प्रामुख्याने दोन क्षेत्रांत दिसतात. पहिले क्षेत्र इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण यांचे. दुसरे क्षेत्र तीच तीच कृती, ठरावीक आवडी, नित्यक्रमात बदल न सोसणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांबाबतची तीव्र किंवा मंद संवेदना यांचे. प्रत्येक मुलात याचे प्रमाण वेगवेगळे असते. एक मूल एकही शब्द बोलत नाही, तर दुसरे इंग्रजीत भराभर बोलते, पण समवयस्कांशी खेळू शकत नाही. स्वमग्नता म्हणजे मतिमंदत्व नव्हे. काही मुलांत दोन्ही असतात, अनेकांत नसतात. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे घराघरात पोहोचली ती वाचन-लेखनातील अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया. तीही स्वमग्नतेहून वेगळी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. मुलग्यांमध्ये ती मुलींपेक्षा अनेक पटींनी अधिक नोंदली जाते. मुलीच्या बाबतीत ‘लाजरी आहे, शांत आहे’ असे म्हणून ती नजरेतून निसटण्याचा संभवही अधिक असतो. हे प्रमाण लक्षात घेतले, तर कोणताही समाज, कोणतीही बाजारपेठ आणि कोणतीही शाळा या विषयापासून अलिप्त राहू शकत नाही.

घरात दिसणाऱ्या खुणा

मूल वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही. हवी असलेली वस्तू बोटाने दाखवीत नाही. आईचा हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवते. आकाशात विमान दिसले तर ‘ते बघ’ अशा अर्थाने बोट करून दुसऱ्याला आपल्या आनंदात सामील करून घेत नाही. सोळा महिने झाले तरी एक शब्द नाही, दोन वर्षे झाली तरी दोन शब्द जोडून बोलणे नाही. खेळण्यातली गाडी चालविण्याऐवजी तिचे एकच चाक फिरवीत बसते. छताच्या पंख्याकडे किंवा टेकडीवरच्या पवनचक्कीच्या पात्यांकडे खूप वेळ टक लावून पाहते. कुकरच्या शिट्टीला कान झाकून किंचाळते. यांतील एखादी खूण दिसली म्हणजे स्वमग्नता आहेच, असे मुळीच नाही. मात्र दोन-चार खुणा एकत्र दिसत असतील तर तपासणी करणे अगत्याचे ठरते. आणि आलेले शब्द किंवा आलेले हसणे मागे गेले, तर वय कोणतेही असो, एक दिवसही वाट पाहू नये.

धार्मिक वातावरणाच्या घरात एक खूण विशेषेकरून चकवते. तीन-चार वर्षांचे मूल नवकार मंत्र सुस्पष्ट म्हणते, आरती अखंड म्हणते, दूरदर्शनवरील जाहिरात जशीच्या तशी म्हणते. आजी-आजोबांना कौतुक वाटते आणि अशा बुद्धिमान मुलात काही उणे असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु तेच मूल तहान लागली तर ‘पाणी दे’ म्हणू शकत नाही. ‘तुला पाणी हवे का?’ असे विचारले, तर तोच प्रश्न परत उच्चारते. पाठांतर ही स्मरणशक्तीची खूण आहे, ते संवादाचे प्रमाण नव्हे. मूल किती म्हणते यापेक्षा ते आपली गरज, आपला आनंद, आपले दुखणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविते का, हे पाहिले पाहिजे.

‘थांबून पाहू’ या सल्ल्याची किंमत

मूल बोलत नाही असे आईच्या लक्षात सर्वांत आधी येते. ती बोलून दाखविते, तेव्हा तिला प्रेमळ उत्तरे मिळतात. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते.’ ‘मुलगे उशिरा बोलतात.’ ‘घरात गुजराती किंवा मारवाडी, दुकानात मराठी, रस्त्यावर मालवणी आणि शाळेत इंग्रजी, मग पोर गोंधळणारच.’ यांतील शेवटचे उत्तर सर्वांत पटणारे वाटते, पण तेही खरे नाही. अनेक भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्नता येत नाही आणि घरची भाषा बंद केल्याने ती जात नाही. उलट आई ज्या भाषेत सहज प्रेमाने बोलते, ती भाषा बंद झाल्यास मुलाचा हक्काचा संवादच कमी होतो.

मेंदूची घडण आयुष्यभर चालू असली, तरी पहिल्या पाच-सहा वर्षांत ती सर्वांत वेगाने होते. याच काळात मूल नजरेला नजर देणे, पाळीपाळीने खेळणे, अनुकरण करणे आणि शब्दांना अर्थ जोडणे शिकते. स्वमग्न मुलाला या गोष्टी आपोआप येत नाहीत, त्या शिकवाव्या लागतात. अनुभवी तज्ज्ञांना दुसऱ्या वर्षाच्या सुमारास विश्वासार्ह निदान करता येते. तरी पुष्कळ मुले शाळेतून तक्रार आल्यानंतर, पाचव्या-सहाव्या वर्षी तज्ज्ञांकडे पोहोचतात. व्यापारात उशिरा आलेला माल सवलतीत तरी विकला जातो. बालपणातील गेलेली तीन वर्षे कोणत्याही भावाने परत मिळत नाहीत. वय वाढलेल्या मुलांसाठी दरवाजे बंद होतात असे नाही, शिकणे कोणत्याही वयात शक्य आहे. परंतु तेच शिकण्यासाठी पुढे श्रम अधिक लागतात, आणि दरम्यान न समजल्यामुळे मूल रागावणे, चावणे, डोके आपटणे अशा मार्गांनी बोलू लागते.

तपासणी लांबणीवर पडण्यामागे आणखी एक कारण आहे, ते उघडपणे कोणी सांगत नाही. समाज लहान आहे, सर्वांची सर्वांशी ओळख आहे. एका मुलाबद्दल बोलणे झाले, तर त्याच्या बहिणीच्या स्थळाला अडचण येईल, या भीतीने घरे गप्प राहतात. ही भीती खोटी नाही. ती समाजानेच निर्माण केलेली आहे. म्हणून ती दूर करणेही त्या एका कुटुंबाच्या हाती नाही, ते समाजाच्याच हाती आहे.

दोष कोणाचा?

विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांतील काही नामवंतांनी स्वमग्नतेचा ठपका आईवर ठेवला. आईच्या थंड, कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, हे मत ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ मधील पुस्तकाने फार पसरले. त्यापूर्वीच, १९६४ साली, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांनी पुस्तक लिहून या मताचे खंडन केले होते. १९७७ साली सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांच्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासाने अनुवंशाचा मोठा वाटा दाखवून दिला. १९९८ साली गोवर प्रतिबंधक संयुक्त लसीशी स्वमग्नतेचा संबंध सुचविणारा एक लेख ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. म्हणून आईचे वागणे, तिची नोकरी, गर्भारपणी ग्रहणात तिने केलेली चूक किंवा बाळाला दिलेली लस यांपैकी कशावरही दोष ठेवू नये. मोबाईलमुळेही स्वमग्नता येत नाही. मात्र लहान मुलाच्या हाती सतत मोबाईल असला, तर माणसांशी देवाणघेवाण करण्याचा त्याचा वेळ कमी होतो, म्हणून तो दूर ठेवणे हितकर आहे.

आपल्या समाजात आणखी एक शब्द उच्चारला जातो, तो म्हणजे ‘कर्म’. हे पूर्वकर्म आहे, भोगलेच पाहिजे, असे म्हणून प्रयत्न सोडला जातो. परंतु जैन दर्शनाने कार्य घडण्यामागे काल, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ असे पाच समवाय मानले आहेत. त्यांतील एकच उचलून पुरुषार्थ वगळणे म्हणजे एकांतदृष्टी होय, आणि अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाला ती शोभत नाही. शास्त्रकारांनी असेही सांगितले आहे की ज्ञानावरणीय कर्म कितीही दाट असले, तरी जीवाचे ज्ञान पूर्णपणे कधीच झाकले जात नाही. निगोदातील जीवाच्याही ज्ञानाचा सूक्ष्म अंश उघडा असतो. मग माणसाच्या पोटी आलेल्या बालकाबद्दल ‘याला काही कळत नाही’ असे कोणत्या आधारावर म्हणावे?

पारख कशी होते?

तपासणीची पहिली पायरी साधी आहे. मूल हाकेला ओ देत नसेल, तर प्रथम त्याची श्रवणचाचणी करावी. ऐकू येत असल्याची खात्री झाल्यावर पुढचा विचार करता येतो. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची वीस प्रश्नांची चाळणी जगभर वापरली जाते. पालकांनी हो किंवा नाही अशी उत्तरे द्यायची असतात आणि त्यास काही मिनिटे लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अठराव्या आणि चोविसाव्या महिन्यात प्रत्येक मुलाची अशी चाळणी करण्याची शिफारस केलेली आहे. चाळणी म्हणजे निदान नव्हे. कोणाची सखोल तपासणी करावी, एवढेच ती सांगते.

सखोल तपासणीत बालविकासतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांचा सहभाग असतो. मुलाचा जन्मापासूनचा इतिहास विचारला जातो, त्याचा खेळ पाहिला जातो, शाळेतील व घरातील वागणे समजून घेतले जाते. रक्ताच्या एखाद्या चाचणीत किंवा मेंदूच्या छायाचित्रात स्वमग्नता दिसत नाही. म्हणून घाईत पाच मिनिटांत दिलेल्या निष्कर्षावर विसंबू नये. भारतीय परिस्थितीसाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने चाळीस मुद्द्यांची ‘इसा’ ही मापनश्रेणी तयार केली आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ती वापरली जाते. चांगल्या तपासणीच्या अंती पालकांच्या हाती केवळ अवस्थेचे नाव पडत नाही. मुलाला आज काय येते, पुढची पायरी कोणती आणि घरी कशाने आरंभ करावा, हेही लिहून मिळते. तसे मिळाले नाही, तर ते आग्रहाने मागून घ्यावे.

शासनाने फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस प्रकारच्या व्याधी व विकासातील अडचणींसाठी तपासणी करणे हा त्याचा उद्देश असून स्वमग्नतेचा त्यात समावेश आहे. या कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शासकीय व अनुदानित शाळांत एकदा जातात. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. येथे व्यापारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली मुले बहुधा अंगणवाडीत जात नाहीत, ती खासगी बालवाडीत आणि इंग्रजी माध्यमात जातात. त्यामुळे गरिबाच्या मुलाला जी तपासणी दाराशी मिळते, ती आपल्या मुलाला आपोआप मिळत नाही. ती मागून घ्यावी लागते.

शिक्षण : कोणते, कोठे आणि कोणाकडून?

तपासणीची तारीख मिळेपर्यंत किंवा निदान पक्के होईपर्यंत स्वस्थ बसण्याचे कारण नाही. बोलण्यात मागे असलेल्या प्रत्येक मुलाला पुढील गोष्टींचा उपयोगच होतो. मुलाच्या पातळीवर खाली बसून त्याच्या समोर यावे. त्याने जे हाती घेतले आहे त्यातच आपण सामील व्हावे. दीर्घ वाक्यांऐवजी एक-दोन शब्द बोलावेत आणि त्याच्या प्रतिसादासाठी थांबावे. आवडता खाऊ पारदर्शक डब्यात ठेवून त्याला मागण्याची संधी द्यावी. नजर, बोट, चित्र, शब्द, कशानेही त्याने मागितले, तर तत्काळ द्यावे. संवाद केल्याने काहीतरी घडते, हा पहिला धडा असा घरातच मिळतो.

अनेक स्वमग्न मुलांना ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उमजते. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ साली डॉ. एरिक शॉप्लर यांच्या प्रयत्नांतून ‘टीच’ हा राज्यव्यापी कार्यक्रम उभा राहिला. त्याने या वैशिष्ट्याचा आधार घेतला आणि पालकांना सहशिक्षकाचे स्थान दिले. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीत मांडायचा; काम कोठे सुरू होते व कोठे संपते हे डोळ्यांना दिसेल अशी मांडणी करायची. दात घासणे, आंघोळ, नाश्ता, शाळा अशी चार चित्रे भिंतीवर लावली, तरी सकाळचा निम्मा आकांत शमू शकतो. ज्या मुलांना वाचा नाही, त्यांच्यासाठी चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत १९८५ पासून विकसित झाली. चित्रे वापरल्याने मूल बोलायचे राहून जाईल अशी शंका पालकांना येते. अनुभव आणि अभ्यास दोन्ही तिला दुजोरा देत नाहीत.

हे सर्व मुंबई-पुण्यातच शक्य आहे, या समजुतीला आपल्या शेजारच्या गोव्याने उत्तर दिलेले आहे. सिंधुदुर्गातील रुग्ण बांबोळीला नेण्याची वाट सर्वांच्या परिचयाची आहे. त्याच गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या आणि ब्रिटनच्या संशोधकांसह एक प्रयोग केला. दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांची कुटुंबे त्यात होती. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी, प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी निम्म्या कुटुंबांबरोबर बारा सत्रांचा हा कार्यक्रम राबविला. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना त्यांचे चित्रण करायचे आणि मग ते चित्रण दोघांनी मिळून पाहायचे. मुलाने कोठे क्षणभर पाहिले, कोठे आवाज काढला आणि तो धागा पालकांनी कोठे पकडला वा कोठे निसटू दिला, यावर बोलायचे. एवढीच कृती. २०१६ साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या लक्षाशी अधिक जुळवून वागू लागले आणि मुले स्वतःहून संवादास अधिक आरंभ करू लागली. सर्वच बाबींत सुधारणा झाली असे नाही. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर एकत्र राहण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी आढळला. तरीही खेड्यापाड्यांसाठी यातील बोध मोलाचा आहे. पारख तज्ज्ञाकडून करून घ्यावी; रोजचे शिकविणे मात्र घरातील माणसे आणि गावातील प्रशिक्षित व्यक्ती करू शकतात.

शाळा आणि कायदा

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत तिचा समावेश केला. शासनमान्य शाळेने दिव्यांग मुलास भेदभाव न करता प्रवेश द्यावा, अशी या अधिनियमाची अपेक्षा आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्र असले, म्हणजे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. नियमित शाळेचा अभ्यासक्रम न पेलणाऱ्यांसाठी मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. आईवडिलांच्या पश्चात काय, या प्रश्नावरही याच न्यास कायद्यात अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची तरतूद असून त्यासाठी जिल्हा पातळीवर समिती असते. प्रमाणपत्र घेतले म्हणजे मुलावर कायमचा शिक्का बसला, असे मानण्याचे कारण नाही. तो हक्काचा दस्तऐवज आहे. तो कपाटात ठेवायचा की वापरायचा, हे कुटुंबाच्या हाती असते.

प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे मात्र होत नाही. वर्गात मागच्या बाकावर बसवून ठेवलेले मूल पटावर असते, शिकत नसते. शिक्षकांनी त्याला पुढे, खिडकीच्या गोंगाटापासून दूर बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी. तास बदलण्यापूर्वी कल्पना द्यावी. अस्वस्थ झाल्यास पाच मिनिटे शांत बसण्यासाठी कोपरा द्यावा आणि वर्गातील एका समंजस मुलास त्याचा सोबती नेमावे. यांपैकी कशालाही पैसा लागत नाही.

चमत्कारांचा बाजार

हताश आईवडिलांच्या भोवती बाजार लवकर भरतो. अमुक पथ्याने, तमुक काढ्याने, विशिष्ट यंत्राने मूल ‘पूर्ण बरे’ करून देण्याची हमी दिली जाते. मूळपेशी उपचारांवर काही कुटुंबांनी लाखो रुपये घातले. स्वमग्नतेसाठी या उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले. व्यापारी माणूस माल घेताना हाताने पारखून घेतो, दोन ठिकाणी भाव विचारतो. मुलाच्या बाबतीत तो हे सारे विसरतो, कारण मन व्याकूळ असते. म्हणून तीन प्रश्न अवश्य विचारावेत. उपचार करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे किंवा संबंधित वैद्यकीय परिषदेकडे नोंदणीकृत आहे काय? तीन महिन्यांत मूल काय शिकेल, हे ती लेखी सांगते काय? आणि पालकांना आत बसून पाहण्याची, शिकण्याची मुभा देते काय? बंद दाराआड चालणाऱ्या उपचारापासून दूर राहावे.

संस्थेला काय करता येईल?

यासाठी मोठी वास्तू उभारण्याची आवश्यकता नाही. पहिली गोष्ट, वर्षातून दोनदा बालविकास तपासणी शिबिर घ्यावे. नेत्रतपासणीचे शिबिर जितक्या सहजतेने भरते, तितक्याच सहजतेने हेही भरावे आणि ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी खुले असावे. दुसरी गोष्ट, तज्ज्ञांकडे जाणाऱ्या कुटुंबांना प्रवासखर्च आणि सोबत द्यावी. जामसंड्याहून ओरोस, कोल्हापूर वा गोवा येथे मुलाला घेऊन एस.टी.ने जाणे म्हणजे आईचा पूर्ण दिवस आणि बहुधा एकटीचाच दिवस असतो. तिसरी गोष्ट, गावातील एक-दोन सुशिक्षित तरुणींना विशेष शिक्षणाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती द्यावी. त्यांनी काही वर्षे याच परिसरात सेवा करावी, एवढी अट असावी. अभियंते आणि डॉक्टर घडविणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या रांगेत ही एक बसली पाहिजे. चौथी गोष्ट, संस्थेच्या सभागृहातील एक खोली आठवड्यातून दोन दिवस पालकांना एकत्र बसण्यासाठी द्यावी.

पाचवी गोष्ट जिनालय आणि पाठशाळेची आहे. आरतीच्या घंटानादाने ज्या मुलाचे कान दुखतात, त्याच्यासाठी दुपारची निवांत वेळ आहे. वंदन, पूजा, प्रदक्षिणा हा क्रम ठरलेला असतो, आणि ठरलेला क्रम या मुलांना प्रिय असतो. तो पाच चित्रांत मांडून दिला, तर पुष्कळ मुले तो आनंदाने पाळतील. मोठ्या मुलांसाठी कामही गावातच आहे. आंब्याच्या हंगामात फळांची प्रतवारी, पेटी भरणे, चिठ्ठी चिकटविणे. दुकानात ठाणांची रंगवार मांडणी. नेमकेपणा आणि पुनरावृत्ती लागणारी ही कामे अनेक स्वमग्न तरुण नीट करू शकतील. त्यांना दया दाखवून नव्हे, तर मोबदला देऊन कामावर घ्यावे.

एका लहान गावाचे उदाहरण

डॉ. कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिल्याचे नाव डोनाल्ड ट्रिपलेट. १९३३ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावात त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याला आकडे आणि गाणी तोंडपाठ असत, पण तो माणसांकडे पाहत नसे. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून तो चार वर्षांचाही नसताना त्याला एका दूरच्या संस्थेत ठेवण्यात आले. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी तो सल्ला झुगारून त्याला घरी आणले. पुढे गावातल्या शाळेने त्याला सामावून घेतले, तो पदवीधर झाला आणि कुटुंबाचा संबंध असलेल्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली. तो मोटार चालवी, गोल्फ खेळे, एकट्याने देशोदेशी प्रवास करी. त्याची स्वमग्नता गेली नाही. बोलणे शेवटपर्यंत तुटक राहिले. गावाने मात्र त्याला आपला मानले. २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. कुटुंब सधन होते हे खरे, पण पैशाने शेजारी विकत मिळत नाहीत. फॉरेस्ट गाव जामसंड्याप्रमाणेच सर्व एकमेकांना ओळखतात असे होते, आणि तेच त्याच्या उपयोगी पडले.

लहान गावातील ओळख ही दुधारी असते. तिच्यामुळे कुजबुज होते आणि कुटुंब दार लावून घेते. तिच्याचमुळे रस्ता चुकलेले मूल कोणाचे आहे हे दुकानदाराला ठाऊक असते आणि तो त्याला हात धरून घरी पोहोचवितो. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत या ओळखीचा कोणता उपयोग व्हावा, हे ठरविणे सर्वांच्या हाती आहे. तत्त्वार्थसूत्राने जीवांच्या परस्परोपग्रहाचा विचार सांगितला आहे आणि जैन प्रतीकाखाली तो सर्वत्र कोरलेला दिसतो. औषधदान म्हणून वेळेवर तपासणी, ज्ञानदान म्हणून योग्य शिक्षण आणि अभयदान म्हणून त्या आईला समाजात मान वर करून वावरण्याची मोकळीक, हे तिन्ही एकाच बालकाच्या निमित्ताने घडू शकतात. पुढील पर्युषणात एखादी माता आपल्या अशा मुलाला घेऊन जिनालयात आली आणि ते मध्येच ओरडले, तर कोणी मागे वळून पाहू नये. शेजारच्या श्राविकेने थोडे सरकून त्यांना बसायला जागा द्यावी.